जाई की जुई? पान बघा
फुलाच्या आकारावरून जाई-जुई ओळखा, असं काहीजण सुचवतात. पण फुलं नसताना, विशेषतः रोप विकत घेताना, त्याचा काय उपयोग? त्यापेक्षा पान बघावं. जाईचं पान संयुक्त असतं, म्हणजे एकाच देठावर साधारण ५ ते ९ पर्णिका (छोटी उपपानं). जुईला एक मोठी पर्णिका आणि तिच्या बुडाशी कानाच्या पाळीसारख्या दोन चिमुकल्या. कधीकधी त्याही नसतात. मोगऱ्याचं पान साधं, चकचकीत. कुंदाचंही साधंच, पण लवदार! जाईच्या कळीवर बाहेरून गुलाबी छटा असते, ती फार देखणी दिसते.

मोगरा फुलत नाही म्हणणाऱ्यांनी आधी ऊन तपासावं. कळ्या नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून बहर ओसरला की शेंडे नक्की छाटा.