मदत हवी आहे : पी१६ निगेटिव्ह म्हणजे वाईट का?

यंत्रमाग_पाच्छापेठ : वडिलांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, सोलापुरातच. आज रिपोर्ट आला. पी१६ निगेटिव्ह, केआय-६७ ६० टक्के. पी१६ निगेटिव्ह वाईट असं वाचलं. डॉक्टर सोमवारी भेटणार. कोणीतरी लवकर सांगा.

जुळे_सोलापूर : तोंड म्हणजे कुठे? गाल, जीभ, घसा? ऑपरेशन कधीचं?

बार्शीकर : मार्कर सोडा, आधी पेट स्कॅन करा, कॅन्सर अंगात कुठे आहे ते दिसतं. आमच्या मामांचं त्यातच कळलं.

लॅबवाली : आत्ता नको. भरणारी जखमही पेटमध्ये उजळते, उगाच घाबराल. पी१६ म्हणजे एचपीव्ही विषाणूची खूण देणारं प्रथिन, त्याचं महत्त्व टॉन्सिल, जिभेचं मूळ इथल्या कॅन्सरला. गालाचा असेल तर त्यावर उपचार ठरत नाहीत, केआय-६७ वरही नाही, तो फक्त पेशी किती वेगाने वाढतायत ते दाखवतो. डेप्थ ऑफ इन्व्हेजन (कॅन्सर किती खोल गेलाय), मार्जिन (गाठीभोवती काढलेला निरोगी भाग), नोड (मानेतल्या लसिका गाठी), ईएनई (नोडचं आवरण फोडून बाहेर पसरणं) काय लिहिलंय?

बार्शीकर : मामांना पेटनेच वाचवलं, मी बघितलंय.

लॅबवाली : मामांचं कधी केलं? ऑपरेशनआधी ना? तीच तर गोष्ट आहे.

अक्कलकोट_रोड : महात्मा फुले योजनेत बसवा, रेशनकार्ड लागतं.

यंत्रमाग_पाच्छापेठ : योजनेतूनच झालं हो, ते विचारलंच नाही. डावा गाल. वीस वर्षं मावा. ३.२ सेमी, खोली १२ मिमी, मार्जिन ३ मिमी, ३१ पैकी १ नोड, ईएनई नाही. आज २४ दिवस झाले. नाकात नळी आहे. काल कॅलेंडरच्या मागे ‘भाकरी कधी’ असं लिहून दाखवलं त्यांनी.

जुळे_सोलापूर : आमच्या गल्लीत मावा अजून उघड मिळतो. पोरं शाळेच्या दप्तरात ठेवतात, बघून जीव तुटतो.

लॅबवाली : दादा, आता नीट कळलं. आकाराने टी२ (टी म्हणजे मूळ गाठीची पायरी) वाटेल, पण खोली १० मिमीच्या वर गेली की टी३. २०१८पासून असंच धरतात. मार्जिन ५ मिमीच्या आत म्हणजे ‘क्लोज’. त्यात नोड आहे, म्हणजे रेडिएशनचं विचारायचंच. ईएनई नाही, ही खरंच चांगली बातमी. किमो सोबत लागेल का ते ट्यूमर बोर्ड, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांची एकत्र बैठक, सांगेल. पण रेडिएशन ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि त्याआधी दात तपासून घ्यायचे. काढायचा दात नंतर काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं. काढल्यावर भरायलाही दिवस लागतात. सोमवारची वाट बघू नका.

यंत्रमाग_पाच्छापेठ : खालची उजवी दाढ दुखते म्हणत होते, ऑपरेशनच्या आधीपासून. आम्ही कोणालाच सांगितलं नाही. वॉर्डात फोन लावतोय आत्ताच.