कारिओनमध्ये अडकलोय, आईचा पाय सुजलाय, उद्या सकाळी आल्बेर्गे सोडायचंय – मदत हवी आहे

रेवती_प | शनि, १९ मे २०१८, रात्री ८:१२
इथे कोणी कामिनो केलंय का? उत्तर आत्ताच हवंय. मी आणि आई कारिओनला आहोत. आईच्या टाचेला फोड होता, तो वाढलाय आणि पाय सुजलाय. आल्बेर्गेत एकच रात्र राहू देतात, सकाळी आठच्या आत बाहेर. पुढे सतरा किलोमीटर काहीच नाही. चालायचं, थांबायचं की गाडी करायची? औषधाचं दुकान बंद आहे. आई म्हणते काही होत नाही, चल. मला पटत नाहीये. माहीत असेल त्यांनीच सांगा, प्लीज.

कोकणमेवा | ८:१९
कामिनो म्हणजे काय? आणि हे कारिओन कुठे आलं? जरा नीट लिहा, म्हणजे मदत करता येईल.

पाऊलवाट | ८:२४
@कोकणमेवा, स्पेनमधली पायी यात्रा आहे. फ्रान्सच्या हद्दीतल्या सॅं-जॉं-पिए-द-पोरपासून सांतियागोपर्यंत साधारण ७८० किमी. कारिओन दे लोस कोंदेस हे वाटेतलं छोटं गाव, तिथून सांतियागो अजून ४०० किमी. आल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा.
रेवती, मी २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तिथे मुक्काम केलाय. फोडावर माझा खात्रीचा उपाय: सुई उकळून घे, दोरा ओवून फोडातून आरपार काढ आणि दोरा रात्रभर आतच राहू दे. पाणी झिरपत राहतं, सकाळी फोड बसलेला असतो. माझे तीन फोड असेच गेले. त्यानंतरचे सतरा किमी आरामात चाललो. सकाळी सहाला निघायचं, पाणी दोन लिटर घ्यायचं.

माउलींचा_दास | ८:३१
कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसवा. मग खोबरेल तेल. मी १९९८ पासून आळंदी ते पंढरपूर वारी करतो. दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी पोचल्यावर हेच करतो. पाय सकाळी नवा होतो. आईंना वारीची सवय आहे का?

नीलाक्षी | ८:३३
थांबा, कुणी सुईदोरा घेऊ नका. आधी काही प्रश्न.
आईंचं वय? फोड फुटलाय की अख्खा आहे? लाली फोडापुरतीच आहे की वर सरकतेय? ताप, थंडी? मधुमेह आहे का?
मी डॉक्टर आहे, मधुमेहींच्या पायांचंच काम करते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या.

रेवती_प | ८:४०
वय ६३. आईने अकरा वाऱ्या केल्यात, चालण्याची सवय आहे. काल फ्रोमिस्ताला राहिलो, आज तिथून एकोणीस किमी, सगळी वाट रस्त्याच्या कडेने. व्हिआल्काथारच्या चर्चपाशी थांबलो तेव्हाही ती काही बोलली नाही. इथे पोचून मोजा काढला तर तो टाचेला चिकटलेला. टाचेच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा फोड, वरची कातडी निघालीये. भोवती लाल आहे, घोट्याच्या दिशेने. दुखत नाही म्हणते.
हो, शुगर आहे. नऊ वर्षं. गोळ्या नियमित चालू आहेत, म्हणून लिहिलं नव्हतं.

नीलाक्षी | ८:४३
दुखत नाही, याचीच मला काळजी वाटते. नऊ वर्षांच्या शुगरमध्ये पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. एकोणीस किमी उघड्या जखमेवर चालून दुखत नसेल तर ते चांगलं लक्षण समजू नका.
उद्या चालायचं नाही. आज रात्रीच डॉक्टरला दाखवायचं.
गरम पाणी बिलकुल नको. चटका बसलेला कळणार नाही आणि कातडी भाजेल. दोरा नको. दोऱ्यावरून पाणी बाहेर येतं तसेच जंतू आतही जातात. तेल नको, चिकटपट्टी थेट जखमेवर नको.
आत्ता करायचं ते असं: साध्या स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कोरडं कापड किंवा गॉज ठेवा, पाय वर घेऊन झोपवा. लाली जिथे संपते तिथे बॉलपेनने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा.
गोळ्या कुठल्या? आज काय खाल्लं?

पाऊलवाट | ८:४९
नीलाक्षी, मधुमेहाचं आत्ता कळलं, ते वेगळं. पण दोऱ्याला सरसकट वाईट म्हणू नका. कामिनोवर निम्मे लोक हेच करतात.

नीलाक्षी | ८:५२
करतात, आणि त्यातल्या काहींच्या पायात पू झालेला मी पाहिलाय. तुमचे तीन फोड बरे झाले याचा आनंद आहे. या पायावर तो प्रयोग नको.

माद्रिदकर | ८:५५
मी नोकरीनिमित्त सहा वर्षं इथे आहे. रेवती, तुझ्याकडे आत्ता साडेपाच वाजत आलेत. आज शनिवार, त्यामुळे नेहमीची दुकानं पाचनंतर उघडतीलच असं धरू नकोस. पण कुठल्याही फार्मासियाच्या दारावर कागद लावलेला असतो, त्यावर ‘फार्मासिया दे ग्वार्दिया’ म्हणजे आळीपाळीने उघडं राहणारं दुकान कुठलं ते लिहिलेलं असतं. हिरवा क्रॉस शोध.
पण आधी दवाखाना. गावात सरकारी दवाखाना आहे, त्याला ‘सेन्त्रो दे सालुद’ म्हणतात. तिथे ‘उर्खेन्सियास’ म्हणजे तातडीचा विभाग विचार. आल्बेर्गेत ज्या बाई बघतात त्यांना, म्हणजे ओस्पितालेराला, हे वाक्य वाचून दाखव: ‘मि माद्रे एस दियाबेतिका. तिएने उना एरिदा एन एल पिए.’ माझी आई मधुमेही आहे, तिच्या पायाला जखम आहे. ‘दियाबेतिका’ शब्द आधी उच्चार. फोडाला ‘आम्पोया’ म्हणतात, पण नुसतं आम्पोया म्हटलंस तर रोजचंच समजतील.
ताप चढला, थंडी वाजली, ग्लानी आली तर ११२. युरोपात सगळीकडे हाच नंबर.

कोकणमेवा | ८:५८
व्हिसा किती दिवसांचा मिळतो? आणि दोघींचा मिळून खर्च किती आला? आम्हालाही पुढच्या वर्षी जायचंय.

रेवती_प | ९:०१
खर्चाचं नंतर सांगते.
मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. आज शनिवार, तिचा उपास असतो. सकाळी एक केळं आणि कपभर दूध. दुपारी सफरचंद.

नीलाक्षी | ९:०२
ग्लिमेपिराइड घेऊन उपाशीपोटी एकोणीस किमी! लगेच शुगर मोजा. मीटर बरोबर आहे ना?

रेवती_प | ९:०९
आहे. ७१.

नीलाक्षी | ९:१०
काठावर आहे, खाली जाऊ देऊ नका. आत्ता साखर घातलेला रस किंवा दोन-तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत मोजा. मग पाव, बटाटा, काहीतरी पोटभर. उपास आज इथेच सोडायचा. आई ऐकत नसतील तर हे माझं वाक्य त्यांना वाचून दाखवा: काकू, मारुतीराया रागावणार नाही, पण पाय गेला तर पुढची वारी होणार नाही.

माउलींचा_दास | ९:१४
डॉक्टरताई, गरम पाण्याचं मी मागे घेतो. मला शुगरचं ठाऊक नव्हतं. ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. वारीत आजाऱ्याला दिंडीच्या ट्रकमध्ये बसवतात, त्यात कुणी कमीपणा मानत नाही. माझे वडील शेवटची दोन वर्षं वाखरीपर्यंत ट्रकनेच आले आणि तिथून चालले. तेही वारकरीच होते.

सह्यभटक्या | ९:२०
गाडी करायला माझा विरोध आहे. यात्रा पायी म्हणजे पायी. दोन दिवस थांबा, बरं वाटलं की तिथूनच चाला. मध्ये तुकडा सोडला की मनाला आयुष्यभर लागतं, मी स्वतः अनुभवलंय. शिवाय सर्टिफिकेट मिळत नाही.

माद्रिदकर | ९:२६
सर्टिफिकेटचं चूक आहे. ते सर्टिफिकेट म्हणजे ‘कोंपोस्तेला’, ते मिळायला शेवटचे १०० किमी पायी पूर्ण व्हावे लागतात. म्हणून तर कितीतरी लोक सारियापासून, साधारण ११५ किमीवरून सुरू करतात. कारिओनच्या पुढचा टप्पा गाडीने गेला तर काहीही बिघडत नाही. क्रेदेन्सियालवर, म्हणजे यात्रेकरूच्या शिक्क्यांच्या पुस्तिकेवर, शिक्के मात्र जपून ठेवा, शेवटच्या १०० किमीत रोज दोन लागतात.

सह्यभटक्या | ९:३१
नियमाचं मान्य. मनाचं मी म्हणतोय ते तसंच राहतं.

पाऊलवाट | ९:३८
त्या सतरा किमीबद्दल ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी. कारिओन सोडलं की सान झोइलोचा मठ लागतो (आता तिथे हॉटेल आहे), आणि मग थेट कालथादिया दे ला क्वेसा. वाट जुन्या रोमन रस्त्यावरून जाते, सरळ रेघ, खडी, दोन्हीकडे गव्हाची शेतं. गाव नाही, नळ नाही, झाड क्वचित. कालथादिया खोलगट जागी आहे, त्यामुळे अगदी तोंडाशी येईपर्यंत दिसत नाही. धडधाकट माणसाचंही तिथे मन खचतं. मघाशी चाला म्हणालो ते चुकलं माझं. त्या वाटेवर मध्येच पाय गेला तर परतायलाही तितकंच अंतर.
राहण्याचं: तुम्ही सांता मारिया चर्चच्या आल्बेर्गेत आहात की एस्पिरितु सांतोमध्ये? दोन्हीकडे नन्स चालवायच्या. आजारी माणसाला त्या सहसा बाहेर काढत नाहीत, पण विचारावं लागतं, आपणहून कुणी सांगत नाही.

गोधडी | ९:४४
रात्री गादीच्या कडा उलटून बघा. ढेकूण असतात, तिकडे ‘चिंचेस’ म्हणतात. सॅक कधीच बेडवर ठेवू नका. आणि शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ सांगून भागत नाही, हॅमला ते लोक मांस धरत नाहीत. ‘सिन खामोन, सिन आतून’ (हॅम नको, ट्यूना मासा नको) असं वेगळं सांगा. मसूर मागवला तर चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) घातलेला येतो. मिक्स सॅलडमध्ये ट्यूना असतो. बटाट्याची तोर्तिया चालते, अंडं खात असाल तर.

नीलाक्षी | ९:५०
रेवती, दुसरं रीडिंग काय आलं?

रेवती_प | रवि, २० मे, रात्री १२:०४
आत्ता परत आलो. सगळं एकदम लिहिते.
दुसरं रीडिंग ९८. तुमचं वाक्य आईला वाचून दाखवलं, ती एक मिनिट गप्प बसली आणि मग तोर्तिया खाल्ली. अंडं शनिवारी! अंघोळीनंतर हात जोडून माफी मागेन म्हणाली.
आम्ही सांता मारियातच आहोत. माद्रिदकरांचं वाक्य ओस्पितालेराबाईंना वाचून दाखवलं. ‘दियाबेतिका’ ऐकल्याबरोबर त्यांनी हातातली वही खाली ठेवली आणि स्वतः दवाखान्यापर्यंत आल्या. तिथे जखम धुतली, मेलेली कातडी कापून काढली, पट्टी केली. सात दिवसांचं अँटिबायोटिक. सोमवारी परत दाखवायचं. टाच टेकायची नाही. तासाभरात लाली पेनच्या रेघेच्या बाहेर अर्धं बोट गेली होती. रेघ बघून डॉक्टरांनी मान हलवली आणि तिथे नवी रेघ मारली.
ताप नाही.
आल्बेर्गेत उद्याची रात्रही राहू देणार आहेत. आईला वरचा बंक मिळाला होता, शेजारच्या जर्मन मुलाने न विचारता आपली पथारी वर नेली. संध्याकाळी नन्स गिटार घेऊन गायल्या, आम्ही नव्हतो तिथे. तर त्यातल्या एकीने आईसाठी रंगवलेली कागदाची चांदणी आणून दिली. आईने ती तुळशीच्या माळेबरोबर पिशवीत ठेवलीये.

नीलाक्षी | १२:११
छान केलंत. अँटिबायोटिकचं नाव आणि डोस मला पाठवा, शुगरच्या गोळ्यांबरोबर बघून सांगते. उद्या सकाळी पट्टी न सोडता रेघेकडे बघा. लाली नव्या रेघेच्या बाहेर गेली तर सोमवारची वाट बघायची नाही. बूट नवे होते का?

रेवती_प | १२:१५
हो. वारी ती चपलेवर करते. बूट मीच आग्रहाने घ्यायला लावले, जायच्या आठ दिवस आधी.

माद्रिदकर | १२:२०
व्हिसासाठी काढलेला विमा ३० हजार युरोचा असतोच, त्यांच्या हेल्पलाइनला आज रात्रीच फोन करून ठेव आणि सगळ्या पावत्या जप. सोमवारनंतर निघायचं ठरलं तर कारिओनला रेल्वे नाही, साहागुनला आहे. तिथवर टॅक्सी, मग रेल्वेने लेऑन. मोठं गाव, मोठं हॉस्पिटल. फ्रोमिस्तालाही स्टेशन आहे, पण ती दुसरी लाइन.

रेवती_प | मंगळ, २२ मे, सायं ७:३०
काल दाखवलं. लाली पहिल्या रेघेच्या आत आलीये. काल-परवा दोन्ही रात्री राहू दिलं. आज टॅक्सीने साहागुन, तिथून रेल्वेने लेऑनला आलो, इथे हॉटेलात पाच दिवस थांबणार. डॉक्टर हो म्हणाले तरच सारियाहून पुढे. टॅक्सी त्या सतरा किमीच्या बाजूच्या रस्त्याने गेली. आई खिडकीतून चालणाऱ्यांकडे बघत होती, मोजत होती. एकतीस झाले म्हणाली.
@कोकणमेवा, आमचा शेंगेन व्हिसा ४५ दिवसांचा आला. खर्चाचा हिशेब वहीत आहे, परतल्यावर टाकते.
आता प्रश्न: लेऑनमध्ये रुंद पंजाचे, मागून पट्टा असलेले सँडल कुठे मिळतील? टाचेला घासणारे नकोत. आज इथली दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात?

माद्रिदकर | ७:४१
साधारण साडेआठपर्यंत असतात. आईंना नेऊ नकोस, आखणी काढून ने. कागदावर दोन्ही पाय उभे करून पेन्सिलीने काढ, सुजलेला पाय संध्याकाळी मोज.

नीलाक्षी | ७:४६
आणि सँडल आत हात घालून बघा, शिवण कुठे टोचते का. आईंना विचारू नका, त्यांना कळणार नाही. तुमच्या बोटांनी बघा.