मदत हवी आहे: मुलाच्या मित्राकडे बंदुका आहेत का, हे कसं विचारायचं? (शुक्रवारच्या आत)

शरयू७ | बुधवार, रात्री ९.४०
लवकर उत्तर हवंय. मुलाला मित्राकडे रात्री राहायला बोलावलंय, शुक्रवारी संध्याकाळी सोडायचंय. त्यांच्या घरी बंदुका असणार याची मला जवळजवळ खात्री आहे. त्याच्या आईला कसं विचारू? नवरा म्हणतो विचारूच नकोस, सध्या या विषयावर तोंड उघडलं की माणसं आधी आपण कुठल्या बाजूचे ते बघतात. मला वाद नकोय. नेमकं काय म्हणायचं तेवढं सांगा. आणि नवीन कायद्याप्रमाणे त्यांनी बंदुका कुलपात ठेवायलाच हव्यात ना?

जर्सीकर | ९.५२
कुठलं राज्य? मुलाचं वय? इथे राज्यागणिक कायदा बदलतो.

शरयू७ | ९.५५
न्यू यॉर्क. बारा पूर्ण.

जर्सीकर | १०.०३
मग निवांत राहा. तिथे पिस्तूल नुसतं घरात ठेवायलाही परवाना लागतो. फ्लॅटमध्ये राहणारं कोण एवढ्या खटपटीत पडतंय?

शरयू७ | १०.०६
अहो, न्यू यॉर्क सिटी नाही. सिराक्यूजपासून पाऊण तास. इथे घरटी ट्रक आणि निम्म्या अंगणांत ‘सेफ ॲक्ट (राज्याचा बंदूक कायदा) रद्द करा’ची पाटी. या मित्राच्या दारातही आहे, पार उडालेल्या रंगाची. म्हणून तर विचारतेय.

जर्सीकर | १०.११
हे आधी सांगायचं की! मग चित्रच वेगळं. परवाना लागतो तो पिस्तुलाला. साध्या शिकारी रायफलीला किंवा शॉटगनला सिटीबाहेर लागत नाही. २०२२ पासून सेमी-ऑटोमॅटिक (दर वेळी घोडा दाबला की एक गोळी सुटते, पुढची आपोआप भरते) रायफल विकत घ्यायची तर लागतो आणि वयाची अटही २१ आहे.

बंडोपंत_डॅलस | १०.२०
शरयूताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ज्याच्या दारात ती पाटी आहे तो माणूस बंदुकीच्या बाबतीत तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त काळजी घेणारा असतो. त्याच्या आजोबांपासून घरात रायफल आहे. २०१३ साली राज्याच्या राजधानीत, अल्बनीत, घाईघाईने हा सेफ ॲक्ट झाला, सात गोळ्यांहून जास्त भरायच्या नाहीत असं ठरवलं, आणि त्याच वर्षाअखेरीस बफेलोच्या फेडरल (केंद्रीय) न्यायाधीशांनी ते सातचं कलम रद्द केलं. असे कायदे सरळमार्गी माणसालाच जाचतात. गुन्हेगार कुठे परवाना काढायला जातो?

मुग्धा_परिचारिका | १०.३४
बंडोपंत, सेफ ॲक्टच्या आधी काय झालं होतं तेही लिहा. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटच्या सँडी हुक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. गोळीबार करणाऱ्या तरुणाने वापरलेल्या बंदुका त्याच्या आईच्या होत्या. कायदेशीर घेतलेल्या, घरातल्या. गुन्हेगाराकडच्या नव्हेत. म्हणून कुलपाचा प्रश्न महत्त्वाचा.

शरयू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. न्यू यॉर्कात घरात १८ वर्षांखालचं कुणी राहत असेल तर मालकाने बंदूक कुलपात ठेवायची किंवा तिला लॉक लावायचं, असा कायदा आहे. आधी ही मर्यादा १६ होती, २०२२ मध्ये १८ केली. ती जवळ बाळगलेली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे त्यांचा मुलगाच राहतो, म्हणजे त्यांना लागू आहेच. पण कायदा आहे म्हणून कुलूप आहे असं धरून चालू नकोस. विचारच.

दुकानदार_आप्पा | १०.५०
माझं गॅस स्टेशन आहे, रॉचेस्टरच्या बाजूला. दोनदा दरोडा पडला. दुसऱ्या वेळी पोऱ्याने काउंटरवर कोपर टेकवून पिस्तूल माझ्या बरगडीला लावलं होतं. त्याचा हात माझ्याहून जास्त थरथरत होता. त्यानंतर मी परवाना काढला. १६ तास वर्गात, २ तास प्रत्यक्ष नेमबाजी, हमी देणारी चार ओळखीची माणसं, मुलाखत. आणि एवढं करून बार, वाचनालय, बागा, टाइम्स स्क्वेअर, कुठेच नेता येत नाही. ताई, माझा सल्ला, तुम्हीच एक घ्या. घरात असली की भीती जाते, मुलालाही नीट शिकवता येतं.

मुग्धा_परिचारिका | १०.५८
आप्पा, तुमच्यावर आलेला प्रसंग वाईटच. पण तिने हे विचारलेलं नाही.

जर्सीकर | ११.०२
आणि शरयूताई, तुमचं स्टेटस काय? सिटिझन किंवा ग्रीनकार्ड असेल तरच हा विषय. व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवता येत नाही, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. आप्पांचं ऐकून दुकानात जाल आणि नसतं लचांड मागे लागेल.

शरयू७ | ११.०५
आम्ही एच-१ आणि एच-४ व्हिसावर आहोत. मला बंदूक घ्यायचीच नाहीये!! कृपा करून मूळ प्रश्नावर या.

बंडोपंत_डॅलस | ११.१५
आप्पांनी लिहिलं तेच माझं म्हणणं. १९१३ पासून न्यू यॉर्कात बाहेर पिस्तूल बाळगायचं तर ‘खास कारण’ दाखवावं लागे, आणि ते पटलं की नाही हे ठरवणार अधिकारी. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीनने ते उडवलं. आठवडाभरात राज्याने नवीन कायदा करून पुढच्या दाराने काढलेलं मागच्या दाराने आत आणलं. अर्जदाराने तीन वर्षांची सोशल मीडियाची खाती कळवायची! पुढे अपील कोर्टाने तेही अडवलं. हा साध्या माणसाचा अपमान आहे. आमच्याकडे टेक्सासमध्ये २०२१ पासून बहुतेकांना परवान्याशिवाय बाळगता येतं.

जर्सीकर | ११.२६
त्या निकालाच्या महिनाभर आधी, १४ मे २०२२ ला, बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये दहा माणसं मारली गेली. सगळी कृष्णवर्णीय. मारेकरी १८ वर्षांचा, रायफल रीतसर दुकानातून घेतलेली. २१ ची अट त्यातून आली. अपमान कशाला म्हणायचं ते आधी ठरवा.

कोकणी_नाना | गुरुवार, सकाळी १०.१० (भारतीय वेळ)
तुमचं वाचून नवल वाटलं. आमच्याकडे सिंधुदुर्गात वडिलांच्या नावाची एकनळी बंदूक होती, शेती संरक्षणाचा परवाना. माकडं आणि रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची. एका वर्षी नेमकी भात पोटरीत असताना जमा केली आणि डुकरांनी एका रात्रीत खालचा कोपरा लोळवून टाकला. सकाळी वडील बांधावर नुसते उभे होते. २०१९ पासून तर एका माणसाला दोनच हत्यारं, पूर्वी तीन चालत. वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर करायचा राहिला. कुणाला त्याची प्रक्रिया ठाऊक आहे का?

जर्सीकर | बुधवार, रात्री ११.४८
नाना, वेगळा धागा काढा ना, लोक नक्की सांगतील.

नीला_मावशी | गुरुवार, सकाळी ७.१५
शरयू, मी पेनसिल्व्हेनियात तीस वर्षं आहे, दोन मुलं इथेच वाढवली. मी काय करायचे सांगते. मुलाला कशाची ॲलर्जी आहे का?

शरयू७ | ७.२२
हो, काजू आणि पिस्त्याची. ते त्यांना माहीत आहे.

नीला_मावशी | ७.३१
झालं तर मग. ॲलर्जीच्या ओळीतच बंदुकीची ओळ घालायची. ‘याचं औषध बॅगेत ठेवलंय, पोहता येत नाही म्हणून तळ्यावर एकटा नको, आणि घरात बंदुका असतील तर त्या कुलपात आहेत ना?’ बस. ‘आहेत का’ हा प्रश्न तोडतो, ‘कुलपात आहेत ना’ हा जोडतो. फोनपेक्षा मेसेज बरा, समोरच्याला तोंड सावरायला वेळ मिळतो. आणि कायद्याचं नाव काढू नकोस. तू ‘नवीन कायद्याप्रमाणे’ म्हणालीस की ती आई राहते बाजूला आणि पाटीशीच बोलणं सुरू होतं.

मुग्धा_परिचारिका | ७.४०
मावशी, अगदी. बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते, खेळायला पाठवण्याआधी विचारा. बंदूक रिकामी, कुलपात, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात, हे तिन्ही हवं. २०२० पासून या देशात एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, मोटार अपघात मागे पडले. आणि बंडोपंत, केबल लॉक (बंदुकीतून ओवायचं तारेचं कुलूप) फुकट वाटण्याचा कार्यक्रम बंदूक उद्योगाचीच संघटना चालवते, पोलीस खात्यांमार्फत. तेव्हा कुलपाबद्दल विचारणं हा कुठल्या पक्षाचा प्रश्न नाही.

बंडोपंत_डॅलस | ८.०५
कुलपाला माझा विरोध कधीच नव्हता. माझ्या घरात सेफ आहे, आकडे फक्त मला आणि बायकोला माहीत. मावशींचा मेसेज चांगला आहे. मला कुणी असा पाठवला तर मी रागावणार नाही.

शरयू७ | ८.१८
अजून एक राहिलं. शनिवारी हरणांचा सीझन सुरू होतोय. मित्राचे वडील पहाटे दोघांनाही जंगलात नेणार आहेत म्हणे. मुलगा उड्या मारतोय.

जर्सीकर | ८.२१
शरयूताई!! हे तुम्ही आत्ता सांगताय?

दुकानदार_आप्पा | ८.३०
मी जातो दरवर्षी. नियम सांगतो. कोर्स आणि लायसन्स असल्याशिवाय तुमच्या मुलाच्या हातात बंदूक द्यायची नाही, ‘फक्त एकदा धरून बघ’ असंसुद्धा नाही. १२-१३ वर्षांच्या मुलांना बंदुकीने हरणाची शिकार २०२१ पासून चालते, तीही ज्या काउंटीने मान्य केलंय तिथेच आणि सोबत अनुभवी मोठा माणूस असेल तरच. पहिल्या दिवशी जंगलात गर्दी असते. माझा मुलगा असता तर या वर्षी नसता पाठवला. पुढच्या वर्षी कोर्स करू द्या, मग बघा.

शरयू७ | गुरुवार, रात्री ८.५०
मावशींचा मेसेज जसाच्या तसा पाठवला. पाठवताना अंगठा तीनदा मागे घेतला. पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘सगळ्या खाली तळघरात सेफमध्ये आहेत, काळजी नको.’ मला हायसं वाटलं. मग तासाभराने परत मेसेज. ‘तू विचारलंस म्हणून सासऱ्यांना विचारलं. त्यांचं पिस्तूल पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये होतं. आता सेफमध्ये ठेवलंय.’ सासरे त्यांच्याकडे राहतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. नवऱ्याने दोन्ही मेसेज वाचले आणि फोन टेबलावर ठेवला, बराच वेळ बोलला नाही.

शुक्रवारी मुलगा जेवायला जातोय, साडेनऊला मी घेऊन येणार. जंगलात नाही. तो रडला, दार आपटलं. आप्पा, त्या कोर्सची माहिती कुठे मिळेल? वय किती लागतं?

दुकानदार_आप्पा | ९.०४
राज्याच्या पर्यावरण खात्याच्या साइटवर ‘हंटर एज्युकेशन’ शोधा. अकरा पूर्ण लागतात, म्हणजे तो बसतो. नोव्हेंबरात जागा मिळणार नाहीत, उन्हाळ्यात बघा. आणि त्याच्याबरोबर तुम्हीही बसा.