मदत हवी आहे : बोका तिसऱ्या मजल्यावरून पडला, एक्स-रे साफ आला, पण श्वास फार जोरात चाललाय

नमस्कार. आम्ही नागपूरला, मानेवाड्यात राहतो. आमचा अडीच वर्षांचा बोका काल संध्याकाळी कूलरच्या स्टँडवरून घसरून थेट खाली फरशीवर पडला. हनुवटी फुटली, पाय शाबूत आहेत. तासाभरात जवळच्या दवाखान्यात कुशीवर झोपवून छातीचा एक एक्स-रे काढला. फासळ्या ठीक, फुफ्फुसं साफ, घरी न्या म्हणाले.

आज सकाळपासून तो आडवाच होत नाही. कोपरं बाहेर काढून, मान लांब करून बसलाय. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला ५४ श्वास. रात्री ३२ होते.

एक्स-रे परत काढावा का? काल दोघांनी दाबून धरलं तेव्हा तोंड उघडून धापा टाकत होता, ते आठवलं की न्यायची हिंमत होत नाही. दुखणं कमी व्हायला क्रोसिनचा तुकडा देऊ का?

उत्तर १
ताई, क्रोसिन अजिबात नको! पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, पाव गोळीनेही जीव जाऊ शकतो.

कालचा एक्स-रे खोटा नाही, लवकर काढलेला आहे. मार लागलेल्या फुफ्फुसात रक्त आणि पाणी हळूहळू साचतं, फोटोत ते काही तासांनी दिसतं आणि २४ ते ४८ तासांपर्यंत वाढू शकतं. छातीत फुफ्फुसांच्या बाहेर हवा भरली असेल किंवा छाती आणि पोटामधला पडदा फाटून आतडी वर सरकली असतील, तेही आता बघायला हवं. शांत बसलेल्या मांजराचे श्वास ४० च्या वर म्हणजे आजच, आत्ताच न्यायचं.

पण तिथे गेल्यावर आधी ऑक्सिजन मागा, एक्स-रे नंतर. धाप लागलेल्या मांजराला उताणं दाबून धरणं जिवावर बेतू शकतं. पोटावर बसवून वरून एक फोटो निघतो, कुशीवरचा तो स्थिरावल्यावर काढता येतो. छातीत हवा असल्याचा दाट संशय असेल तर डॉक्टर फोटोची वाट न बघता ती हवा सुईने काढतात.

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. निघण्याआधी फोन करून ऑक्सिजनची खात्री करा. कालची फिल्म सोबत असू द्या, दोन्ही शेजारी लावून बघता येतील. उराशी धरून नेऊ नका, टोपलीत बसवा.

धागाकर्ती
क्रोसिन दिली नाही. फोन झाला, ऑक्सिजन आहे म्हणाले. कपड्यांच्या टोपलीत बसवलाय, फिल्म घेतली. निघालो.