समुद्रकिनारी मोठं घर, बारा जण आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई: कुठलं घर घेऊ?

रानजाई:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आम्ही बारा जण चार रात्रींसाठी समुद्रकाठचं एक मोठं घर घ्यायचं म्हणतोय. तीन कुटुंबं, मुलं सहा ते अकरा वयाची, माझी आई ७१ ची, आणि एक मैत्रीण एकटीच येणारे. बजेट सगळ्यांनी मिळून काढलंय त्यामुळे या वेळी खरंच छान घर मिळतंय, फक्त दोन घरांवर गाडी अडकलीय.

पहिलं घर कड्यावर आहे, फोटो बघून वेड लागतं, पूल थेट समुद्रात मिसळल्यासारखा दिसतो, पाच खोल्या, त्यातल्या दोनच समुद्राकडच्या. खाली वाळूवर जायला जिना आहे असं मालक म्हणाले. दुसरं घर जरा मागे, झाडीत, पूल नाही, व्ह्यू फक्त वरच्या मजल्यावरून, पण फाटकातून निघालं की पायवाट सरळ किनाऱ्याला लागते आणि दोन्ही बाजूंना चालता येतं. ग्रुपमधले आठ जण पहिल्याच्या बाजूने आहेत.

माझं म्हणणं वेगळं आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आता वर्ष झालं, डॉक्टर म्हणतात चाला, आणि ती सारखी म्हणते मला एकदा समुद्राच्या कडेने लांबवर चालायचंय. मागच्या ट्रिपला सगळे घरातच मोबाईल घेऊन बसले होते आणि ती खिडकीत. ते परत नको. तर घर कुठलं घेऊ, खोल्यांचे पैसे कसे वाटायचे, आणि एवढ्या वेगवेगळ्या वेगाच्या लोकांना घेऊन चालायला जायचं कसं?

खारा_वारा:

ताई, दुसरं घर घ्या. एवढं ठाम सांगतोय कारण आम्ही कड्यावरचं घेऊन बसलो होतो. जिना आहे म्हणाले, आम्हीही विचारलं नाही किती पायऱ्या. ९६ निघाल्या, त्याही उंच, आणि खालच्या वीसेक पायऱ्यांना कठडाच नव्हता. बाबा पहिल्या दिवशी अर्ध्यापर्यंत उतरले आणि परत फिरले, नंतर तीन दिवस गॅलरीतून आम्हाला हात करायचे. त्यांनी खास या ट्रिपसाठी घेतलेल्या सँडल्स दाराशी तशाच जोडीने ठेवलेल्या, वाळूचा एक कण नाही लागला त्यांना. मला ते दिसलं की अजून वाईट वाटतं.

बुक करायच्या आधी मालकांना सांगा की घराच्या दारापासून वाळूपर्यंत चालत एक व्हिडिओ काढून पाठवा, न थांबवता, एका दमात. जाहिरातीत शंभर मीटर लिहितात ते बऱ्याचदा नकाशावरचं सरळ अंतर असतं, चढउतार त्यात धरलेला नसतो. आणि तळमजल्यावर बाथरूमसकट एक बेडरूम आहे का ते बघा, आईंसाठी तीच. बारा जणांत खोल्यांपेक्षा बाथरूम किती हा प्रश्न सकाळी जास्त महत्त्वाचा ठरतो.

अजून एक, कड्यावरच्या गॅलरीत दुपारी बसवतच नाही. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून वारं आत घुसतं, ते दुपारभर वाढत जातं. आमच्या गॅलरीतल्या खुर्च्या सरकायच्या. सकाळी मात्र बहुतेक दिवशी सगळं शांत असायचं, म्हणून चालायचं ते सकाळीच. झाडीतलं घर म्हणजे उलट सोय आहे, वारं अडतं.

ओहोटी_बघून_निघा:

वरच्यांशी सहमत, पण घर कुठलंही घ्या, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. हे लोक करत नाहीत आणि मग अडकतात. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या येतात, एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून वेळ रोज जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला ओहोटी असेल तर चौथ्या दिवशी ती साडेनवाच्या आसपास जाते. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती असते, त्यामुळे जिथे जाताय तिथलंच वेळापत्रक घ्या, शेजारच्या गावाचं नको.

पाणी सगळा वेळ एकसारखं चढत नाही हे लक्षात ठेवा. सुरुवातीच्या तासात जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढं चढतं, आणि मधल्या दोन तासांत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात, निम्मी भरती येऊन जाते. आम्ही एकदा खडकांचं एक टोक वळून पलीकडच्या छोट्या वाळूवर बसलो होतो, पाणी लांब दिसत होतं म्हणून निवांत, आणि अर्ध्या तासात आलो ती वाट गेली. गुडघाभर पाण्यातून एकमेकांचे हात धरून आलो, माझा भाचा आठ वर्षांचा होता, त्याला खांद्यावर घेतला तेव्हा त्याची बोटं माझ्या केसांत रुतली होती. त्या दिवसापासून नियम एकच, ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघायचं आणि ओहोटी पूर्ण झाली की परत फिरायचं, म्हणजे येताना पाणी नुकतंच चढायला लागलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतर एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा टोकं वळून जायचंच नाही.

आईंच्या गुडघ्यासाठी: ओली, घट्ट वाळू, जिथे पाऊल फार उमटत नाही तो पट्टा. कोरड्या भुसभुशीत वाळूत दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. किनारा पाण्याकडे उतरता असतो त्यामुळे एकाच बाजूला चालत राहिलं तर एका पायावर जास्त भार येतो, जरा सपाट जागा शोधा. काळ्या-हिरव्या खडकांवर शेवाळ असतं, तिथे त्यांना नेऊ नका. आणि कड्याच्या अगदी पायथ्याशी सतरंजी टाकून बसू नका, पावसानंतर तर नाहीच, वरून दगड सुटतात.

मुलं पाण्यात उतरणार असतील तर, लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा शांत दिसतोय, तो पट्टा सुरक्षित वाटतो पण बऱ्याचदा तिथूनच पाणी आत ओढतं. कोणी त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे सरळ झगडत बसायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीच्या बाहेर पडायचं आणि मग किनाऱ्यावर यायचं.

पाऊलखुणा:

चालायचं कसं यावर सांगते, आमचा चौदा जणांचा ग्रुप आहे आणि हे आम्हाला फार उशिरा सुचलं. ठिकाण ठरवायचं नाही, वेळ ठरवायची. सगळे एकदम निघा, ज्याला जसं जमेल तसं चाला, आणि बरोबर ४० मिनिटांनी जिथे असाल तिथून सगळ्यांनी मागे वळायचं. पुढे गेलेले आपोआप सगळ्यात मागे पडतात, हळू चालणारे पुढे होतात, आणि प्रत्येकाने आपला वेग सांभाळला तर घरी सगळे साधारण एकाच वेळी पोचतात. कोणाला वाट बघावी लागत नाही, आणि हळू चालणाऱ्याला आपल्यामुळे उशीर झाला असं वाटत नाही. माझ्या सासूबाई पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी फाटकाशी पोचल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. आईंसोबत मात्र एक जण कायम ठेवा, मुलांसोबत एक, आणि ती ड्युटी रोज बदला.

पैसे डोकी मोजून वाटू नका, खोल्यांवर वाटा. आम्ही आधी समुद्राकडच्या खोलीला किती जास्त द्यायला तयार आहात असं सगळ्यांना विचारतो, जो तयार तो ती घेतो, तेवढे बाकीच्यांचे कमी होतात. एकटी मैत्रीण छोटी खोली घेणार असेल तर तिच्याकडून कुटुंबाएवढे घेऊ नका. डिपॉझिट कोण भरणार आणि काही फुटलं तर कसं करायचं हे निघायच्या आधी ग्रुपवर लिहून ठेवा. पोचल्यावर सामान आत नेण्याआधी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार! काल रात्री मालकांकडून पहिल्या घराचा व्हिडिओ मागवला. खारा_वारा, पायऱ्या ११२ आहेत, मी दोनदा मोजल्या. तो व्हिडिओ काहीही न लिहिता ग्रुपवर टाकला, आणि पूलसाठी सगळ्यात जास्त आग्रह करणाऱ्या माझ्या दादाचाच पहिला मेसेज आला, दुसरं घर घेऊ. तळमजल्यावर बाथरूमसकट खोली आहे, विचारून घेतलं.

आईला ४० मिनिटांचं सांगितलं. ती म्हणाली मी आधी २० करते, मग बघू. आज सकाळी माझ्याआधी उठून बूट घालून दाराशी उभी होती. ओहोटीच्या वेळा उतरवून घेतल्यात, पहिल्या दिवशी सकाळी सव्वासातला आहे, म्हणजे सहाला निघायचं ना? की मुलांसाठी साडेसहा चालेल?

ओहोटी_बघून_निघा:

टोक वळायचं नसेल तर साडेसहा चालेल, ४० मिनिटं जायला धरली तर सात-दहाला परत फिराल. उजेड कधी होतो तेवढं बघून घ्या.