व्हॉट्सॲप फुकट असताना तुमचं ॲप कोण घेणार?

भांडुपकर (धागा काढणारे)

२०१६ साल आठवा. एप्रिलमध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरमध्ये जिओ, नोव्हेंबरात नोटाबंदी. मोबाइलवर धंदा मांडायला जे सामान लागतं ते तेव्हापासून जमत गेलं: स्वस्त डेटा, बसल्या जागी पैसे घ्यायची सोय, गिऱ्हाइकाच्या हातात बरा फोन. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयच्या व्यवहारांची संख्या एका महिन्यात २००० कोटींच्या वर गेली. तरी जो तो म्हणतो, किराणा दहा मिनिटांत येतो, जेवण येतं, गाडी येते, आता सामान्य गिऱ्हाइकासाठी नवं काढण्यासारखं उरलंय काय?

माझ्या मते भरपूर उरलंय, आणि ते सगळं सध्या व्हॉट्सॲपवर कसंबसं चाललंय. आमच्या इथल्या एक काकू गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. ऑर्डर येते आवाजी मेसेजवर: "काकू, अकरा नको, एकवीस करा, आणि गौरीला परत अकरा." नाव बायकोचं, पैसे नवऱ्याच्या खात्यातून, स्क्रीनशॉट तिसऱ्याच नंबरवरून. हरतालिकेच्या संध्याकाळी काकू कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहिलेली यादी आणि फोनमधले स्क्रीनशॉट जुळवत बसतात. दरवर्षी एखादा डबा पैसे न येताच जातो आणि कोणाचा ते शेवटपर्यंत कळत नाही.

कोणी मागवलं, कोणी पैसे भरले, कोण न्यायला येणार, एवढं सांगणारं ॲप हवंय. खानावळी, शिकवण्या, पाळणाघरं, भिशी, मंडळाची वर्गणी, सगळीकडे हेच दुखणं. मराठीत द्या, महिना ९९ रुपये घ्या. लोक देतील.

खडूस पारलेकर

काकू देतील का ९९? विचारलंत? आणि मोदकांचा सीझन संपल्यावर उरलेले महिने कशाचे द्यायचे त्यांनी?

हा उत्साह आम्ही पवईतल्या स्टार्टअपमध्ये पाहिलाय. घरं शोधून देणारी हाउसिंग डॉट कॉम २०१२ ला सुरू झाली, २०१५ मध्ये संचालक मंडळाने संस्थापक-सीईओलाच काढलं, २०१७ ला कंपनी दुसऱ्याच्या पदरात. टायनीआउल घराघरात जेवण पोचवायला निघाली होती, २०१५ मध्येच माणसं कमी करायची वेळ आली. दोन्हीकडे हुशार पोरं होती, पैसाही होता. गिऱ्हाईक मात्र डिस्काउंट असेपर्यंतच होतं.

स्टार्टअपमध्ये पैसे गुंतवणाऱ्या मुंबईतल्याच ब्लूम व्हेंचर्सचा २०२५ चा इंडस व्हॅली अहवाल बघा. चैनीवर खर्च करू शकणारा वर्ग १३-१४ कोटींच्या घरात. उरलेल्यांत १०० कोटी असे की गरजा भागवून हातात काही राहतच नाही. '१४० कोटींची बाजारपेठ' हे स्लाइडवर लिहायला छान आहे. डाउनलोड होतात, पैसे येत नाहीत.

हिशोबनीस

पारलेकरांशी अर्धा सहमत. यूपीआयचा आकडा धागाकर्त्यांनी दाखवला, त्यातली गोम नाही सांगितली. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर एमडीआर शून्य आहे. म्हणजे दुकानदाराकडून प्रत्येक व्यवहारामागे जो कट मिळायचा तो नाहीच. पैसे फिरवणारी कंपनी पैसे फिरवून कमावत नाही. ती कर्ज विकते, विमा विकते, नाहीतर महिन्याच्या भाड्यावर साउंडबॉक्स देते. वांद्रे-कुर्ला संकुलातून (यूपीआय चालवणारी एनपीसीआय तिथलीच) रस्ता बांधून मिळालाय, टोल नाक्याला मनाई आहे.

तेव्हा 'हिशोब फुकट, कमाई व्यवहारावर' हा मार्ग बंद समजा.

भांडुपकर

@हिशोबनीस, म्हणूनच तर ९९ म्हणतोय. व्यवहारावर नाही, सेवेवर पैसे. जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे आलं, म्हणजे दरमहा पैसे आपोआप कापायची सोय. त्याआधी क्रेडिट कार्ड नसलेल्या माणसाकडून दरमहा थोडे थोडे पैसे घ्यायची धड सोयच नव्हती. मुंबईतल्या कुकू एफएमवर लोक मराठी गोष्टी ऐकायला पैसे भरतात ना? गोष्टीला देतात, मग धंद्याच्या हिशोबाला का नाही देणार?

तिसरी सीट

कितीजण ऐकायला भरतात आणि कितीजण बंद करायला विसरलेत म्हणून भरतात, हा प्रश्न आहे. कापायच्या २४ तास आधी मेसेज यायला हवा हा नियम आहे खरा. पण बँकेचे मेसेज वाचतं कोण?

कोडवाली

इथे कुणी असं ॲप प्रत्यक्ष केलंय का माहीत नाही. मी पोळीभाजी केंद्रांसाठी असलं काम करणाऱ्या टीममध्ये होते. भांडुपकरांनी दुखणं बरोबर पकडलंय, औषध सोपं समजलंय.

पहिली अडचण फोनची. केंद्र चालवणाऱ्या बाईंचा नंबर बँकेत, आधारला मुलाचा, ओटीपी जाणार मुलाकडे, मुलगा अंधेरीला कामावर. लॉगिन संध्याकाळी. फोनची मेमरी 'गुड मॉर्निंग'च्या फोटोंनी भरलेली, त्यामुळे जागा करायची वेळ आली की पहिलं आमचं ॲप उडणार, व्हॉट्सॲप कधीच नाही.

दुसरी अडचण खरी तांत्रिक. पैसे आले की ऑर्डरसमोर आपोआप टिक व्हायला हवी, नाहीतर ॲप घेऊन फायदा काय? पण साध्या वैयक्तिक यूपीआय आयडीवर आलेले पैसे तुमच्या ॲपला दिसत नाहीत. बँकेचा एसएमएस वाचावा, तर २०१९ पासून गूगल प्ले ती परवानगी काही ठरावीक कामांपुरतीच देतं. मग बाईंना व्यापारी क्यूआर काढून द्या, म्हणजे केवायसी, बऱ्याचदा चालू खातं, दुकानाचा कागद. ज्यांचं दुकान म्हणजे स्वयंपाकघर, त्या कुठला कागद देणार?

तिसरी, गिऱ्हाईक. त्याला वेगळं ॲप नकोच. त्याला फक्त "उद्या चार पोळ्या जास्त" एवढं म्हणायचंय.

गिरगावातला

+१. गिऱ्हाइकाला हलवू नका. व्हॉट्सॲपच्या आतच बसा, त्याच्या बिझनेस एपीआयवर (धंद्याने आपलं सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपला जोडायची सोय). गिऱ्हाईक मेसेज टाकतंय तिथेच टाकेल, मागे यादी आपोआप तयार. यात मला खरंच संधी दिसते.

कोडवाली

@गिरगावातला, त्यात बसलं की भाडेकरू झालात. धंद्याकडून जाणाऱ्या मेसेजचे दर व्हॉट्सॲपची मालक मेटा ठरवते, आणि जुलै २०२५ पासून आकारणीची पद्धतच बदलून मेसेजमागे केली. उद्या तीच सोय त्यांनी स्वतः बटण म्हणून दिली तर तुमची कंपनी एका अपडेटमध्ये आटोपली. तरी, करायचंच असेल तर तिथेच करावं लागेल, हे मात्र मान्य. लोक तिथे आहेत.

चारकोपचा खजिनदार

सोसायटीचं सांगतो, कारण धागाकर्त्यांच्या यादीत ती नाही आणि मुंबईत पैसे देऊ शकणारं गिऱ्हाईक तीच आहे. मेंटेनन्स, पार्किंग, थकबाकीवर व्याज, ऑडिट, सगळं कायद्याने ठेवावंच लागतं. आम्ही एका कंपनीचं ॲप घेतलं. पहिलं वर्ष फुकट. दुसऱ्या वर्षी त्यांनी घरटी महिन्याला साधारण वडापावच्या किमतीएवढे मागितले. वार्षिक सभेत पाऊण तास त्यावर वाद! लिफ्टच्या लाखोंच्या दुरुस्तीला पाच मिनिटांत मंजुरी मिळाली होती. शेवटी ठराव नामंजूर, मी पुन्हा एक्सेलवर.

गेटवरची एंट्री तेवढी चालू राहिली. ती फुकट आहे, त्याबदल्यात लोकांना जाहिराती दिसतात आणि कोणाकडे कोण येतं याचा डेटा जातो. त्यावर सभेत कुणी चकार शब्द काढला नाही.

खडूस पारलेकर

@खजिनदार, आभार. ज्यांचे फ्लॅट कोटीचे त्यांची ही तऱ्हा, आणि काकूंकडून ९९ घ्यायला निघालेत.

भांडुपकर

उलट वाचतो मी हे. सोसायटीत पैसे ज्याच्या खिशातून जातात तो सभासद, आणि त्रास वाचतो खजिनदाराचा. म्हणून ठराव पडला. काकूंच्या बाबतीत दोन्ही एकच व्यक्ती. बुडालेल्या एका डब्याचे पैसे वाचले तरी महिन्याची फी निघते.

आणि मोठ्याच कंपन्यांची उदाहरणं का? लोकलचं वेळापत्रक दाखवणारं एम-इंडिकेटर बघा. बटणांच्या साध्या फोनांच्या काळापासून चालू आहे, लोकलच्या प्रत्येक डब्यात कुणाच्या तरी फोनमध्ये सापडेल. मुंबईकराची नेमकी एक अडचण धरली आणि तिथेच राहिले.

तिसरी सीट

एम-इंडिकेटर फुकट आहे, जाहिरातींवर चालतं. म्हणजे पुन्हा तेच, वापरणारा पैसे देत नाही. जिथे लोक आपण होऊन खिशात हात घालत होते ते एक क्षेत्र होतं, पैसे लावून खेळायचे खेळ. मुंबईचीच ड्रीम११ त्यावर एवढी मोठी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत कायदा झाला आणि पैशांच्या स्पर्धा लगेच बंद. (बंद झाल्या ते बरंच झालं, आमच्या डब्यातले दोघे त्यात पगार घालवत होते.)

हिशोबनीस

भांडुपकर, ९९ चं गणित मांडून बघू. प्ले स्टोअरवरून विकलंत आणि उलाढाल जीएसटीच्या कक्षेत आली, तर १८ टक्के आत धरून मूळ रक्कम ८४ च्या खाली. त्यावर गूगलचे १५ टक्के. तुमच्या हातात ७१ च्या आसपास. त्यातून सर्व्हर, मेसेजचा खर्च, आणि मराठीत फोन उचलणारा माणूस, जो या गिऱ्हाइकाला लागणारच. एका बाईंना शिकवायला माणूस एकदा घरी गेला तरी पहिल्या कित्येक महिन्यांची कमाई गेली.

गिरगावातला

घरी का जायचं? बचत गटाच्या बैठकीला जा, एका वेळी वीसजणी भेटतात. एकीला जमलं की बाकीच्यांना तीच शिकवते. आमच्या भागातल्या भिशीत क्यूआर असाच पसरला, कुठल्या कंपनीचा माणूस आला नव्हता.

कोडवाली

हे मात्र खरंय. आमच्याकडे जी केंद्रं टिकली त्यांतली बहुतेक एकमेकींच्या ओळखीतली होती, जाहिरातीतून आलेली जवळजवळ सगळी गळाली. पण अशी वाढ गुंतवणूकदाराला दाखवता येत नाही, फार हळू असते. पैसे घातलेल्यांना दीड वर्षात दहापट हवं होतं, म्हणून केंद्रं सोडून टीम हॉटेलांकडे वळली.

भांडुपकर, गुंतवणूक न घेता करणार असाल तर आमची केंद्रांच्या कामाच्या पद्धतीची टिपणं आहेत, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. घेणार असाल तर पारलेकरांचं ऐका.

खडूस पारलेकर

पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐका म्हणालं. व्यनित जे ठरेल ते इथेही टाका, आणि काकूंना आधी विचारा.