मदत हवी आहे: स्पॅनिश ‘तेनेर’चा (जवळ असणं) भूतकाळ, तुवे कधी आणि तेनिया कधी?

डेले ए२ या स्पॅनिश परीक्षेची तयारी चालू आहे. दोन्ही रूपावल्या तोंडपाठ आहेत: तुवे, तुविस्ते, तुवो, तुविमोस, तुविस्तेइस, तुविएरोन; आणि तेनिया, तेनियास, तेनिया, तेनियामोस, तेनियाइस, तेनियान. वाक्यात मात्र घोळ होतो. ‘तुवे ओचो आन्योस’ (मी आठ वर्षांचा होतो) आणि ‘तेनिया के पागार’ (मला पैसे भरावे लागले) ही दोन्ही वाक्यं सरावात चूक निघाली. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हॅड’च येतं. फरक ओळखायचा कसा?

प्रतिसाद १

इंग्रजी बाजूला ठेवा, इथे मराठीच कामाला येते. आधी ‘के’वाली वाक्यं घ्या, सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. ‘तुवे के इर’ म्हणजे ‘मला जावं लागलं’. म्हणजे गेलात. ‘तेनिया के इर’ म्हणजे ‘मला जायचं होतं’. गेलात की नाही, हे वाक्य सांगतच नाही. शंका आली की पुढे ‘पेरो नो फुई’ (पण गेलो नाही) जोडून बघा. ‘जायचं होतं, पण गेलो नाही’ हे बरोबर वाटतं. ‘जावं लागलं, पण गेलो नाही’ हे कानालाच खटकतं. स्पॅनिश कानालाही तसंच खटकतं. तुम्ही पैसे भरलेत, म्हणून ‘तुवे के पागार’.

नामाबरोबरही तेच: ‘तुवो उन इहो’ म्हणजे तिला मुलगा झाला, ‘तेनिया उन इहो’ म्हणजे तिला एक मुलगा होता. वय सांगताना मात्र विचारच करू नका, ‘तेनिया ओचो आन्योस’.

प्रतिसाद २

वरच्या उत्तरात एक भर. ‘होता’ दिसला की तेनिया, असं धरून चालू नका. ‘मला तीन दिवस ताप होता’ याचं स्पॅनिश ‘तुवे फिएब्रे त्रेस दियास’. मुदत मोजून बंद केली की तुवे. ‘डॉक्टर आले तेव्हा मला ताप होता’ यात ताप कधी चढला, कधी उतरला हे उघडंच राहतं, म्हणून ‘कुआंदो येगो एल मेदिको, तेनिया फिएब्रे’.

लिहिताना आघातचिन्ह सांभाळा. ‘कोमेर’च्या (खाणं) कोमी, कोमियोमध्ये शेवटच्या स्वरावर जोर आणि चिन्ह असतं. त्याच सवयीने तुवोच्या ओवरही चिन्ह पडतं, ते चूक आहे. तुवे, तुवोमध्ये जोर ‘तु’वर, चिन्ह कुठेच नाही. तेनियाच्या सहाही रूपांत मात्र ‘नि’मधल्या इवर चिन्ह हवंच. ‘तुविस्तेस’ बोलण्यात ऐकू येतं, पण प्रमाण लेखनात शेवटचा स नको. आणि तुवोमधला व उच्चारताना ओठ बसारखे जवळ आणा, पण टेकवू नका. ब घालून लिहिलेला ‘तुबो’ (नळी) अगदी असाच ऐकू येतो, तेव्हा श्रुतलेखनात अर्थ बघूनच लिहा.

धागाकर्ता

के-ची युक्ती लगेच बसली, दोघांचेही आभार. ‘आज सकाळी मला जावं लागलं’ यालाही तुवेच ना?

प्रतिसाद १

मेक्सिको, अर्जेंटिनात हो: ‘एस्ता मान्याना तुवे के इर’. स्पेनच्या बऱ्याच भागांत आज, या आठवड्यात अशा न संपलेल्या काळासाठी ‘ए तेनिदो के इर’ म्हणतात. परीक्षेत दोन्ही चालतं, फक्त एकाच उत्तरात सरमिसळ नको. तुवे पक्कं झालं की मान्तुवे, ओब्तुवे, देतुवे, एस्तुवे, आन्दुवे ही इतर क्रियापदांची रूपंही करून टाका, प्रत्यय तेच आहेत.